मोबाइलमध्ये दडलेला क्रमांक

सुरतच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे यंत्रमागांवर राबतात. भुसावळ मार्गावरील गाडीच्या गर्दीत मोबाइल हरवला, तर गावाशी असलेला त्यांचा दुवाच तुटतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो प्रत्येक संचाचा पंधरा अंकी ओळख-क्रमांक. *#०६# हा संकेत दाबताच तो पडद्यावर उमटतो. दोन सिमकार्डांच्या संचात असे दोन क्रमांक असतात. ते वेळीच वहीत उतरवून घ्यावेत. एकमेकांना सांगितले जाणारे सर्वच गुप्त संकेत मात्र निर्धोक नसतात. काहींमुळे आपल्याला येणारे फोन परक्याकडे वळतात.

संच हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून जुन्याच क्रमांकाचे सिमकार्ड पुन्हा घ्यावे. नंतर केंद्रीय दूरसंचार विभागाच्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर माहिती भरल्यास तो संच देशभर बंद करता येतो. संच सापडल्यावर ही बंदी तेथेच उठविता येते.