शाळेचे छप्पर व वर्गातील उष्णता

उन्हाळ्यात मुलांस होणारा त्रास केवळ बाहेरील हवेमुळे होत नाही. पत्र्याचे छप्पर तापते व ती उष्णता खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर सतत उतरत राहते. अशा वर्गात चित्त पाठावर स्थिर होणे कठीण. पृथ्वीचे तापमान वाढत असता याकडे दुर्लक्ष होणे इष्ट नव्हे.

पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराच भाग परत फेकतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आला व पुढे तेथे घरांची छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेण्यात आले. शाळेनेही फाल्गुनातच गच्चीस चुना व पत्र्यास पांढरा रंग द्यावा. या कामी मुलांस मात्र छपरावर चढवू नये.

विदर्भाच्या कोरड्या हवेत वाऱ्याकडील खिडकीस ओले गोणपाट लावल्यास आत येणारी हवा गार होते. कोकणातील दमट हवेत पाणी लवकर सुकत नाही. तेथे समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवावा.

रंग देण्यापूर्वी व नंतर वर्गातील तापमानाची नोंद मुलांकडून ठेववावी. ती ग्रामपंचायतीपुढे मांडल्यास खर्चाची मागणी करणे सोपे जाईल.