राणी रंगाचे चाळीस तागे

सारंगखेड्यात तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते. तेथे घोडेवाले जनावराची चाल मोबाइलवर दाखवू लागले, मग आम्ही कापडवाल्यांनी मागे का राहावे? भाच्याला समोर बसवून व्हिडिओ एडिटिंग शिकलो.

काम ओळखीचेच निघाले. तागा पसरावा तशी चित्रणाची लांब पट्टी पडद्यावर येते. तिला टाइमलाइन म्हणतात. नको ते कापायचे, उरलेले जोडायचे, आवाज वेगळा बसवायचा. कापले तरी मूळ चित्रण शाबूत राहते, ही सोय कापडात कुठली! शेवटी 'एक्सपोर्ट' केले की फाइल पाठवण्याजोगी होते. मालेगावच्या जनाब नासिर शेख यांनी 2000 सालच्या 'मालेगाव के शोले'चे संकलन व्हीसीआरला व्हीसीआर जोडून केले होते. त्या मानाने आपले काम सोपे.

चूक मात्र झालीच. झळाळी यावी म्हणून फिल्टर लावला आणि फिका गुलाबी राणी दिसू लागला. शहाद्याच्या एका व्यापारीबंधूंनी 40 तागे मागवले, गाठोडे सोडताच परत पाठवले. दोन्ही वेळचे भाडे आम्ही भरले. आता दिवसाच्या उजेडात, पांढरा कागद शेजारी ठेवून चित्रण करतो. रंगाला हात लावत नाही. त्याच बंधूंना यंदा आधी नमुन्याचा तुकडा पाठवला आहे, व्हिडिओ नंतर.