वादळानंतर मधपेट्या: पाहणी कधी आणि कशी?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरच्या समुद्रातून वर सरकले आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्याला लागले. नकाशावर ते आपल्याकडे जमिनीवर आलेच नाही; पण वसई-विरारच्या बागायतदारांना हे सांगून पाहा! केळीच्या बागा आडव्या झाल्या, जुनी झाडे मुळासकट आली. अशा वेळी घराचे पत्रे, गोठा, दुकानातला माल यांची चौकशी होते. झाडाखाली ठेवलेल्या मधपेटीची आठवण सर्वांत शेवटी येते.

शिरसाड-वज्रेश्वरी रस्त्यावरच्या चांदीपला आमच्या ओळखीचे एक सुतार चाचा आहेत. दारे-खिडक्यांच्या कामाला जोड म्हणून त्यांनी सातेरी माश्यांच्या सहा पेट्या ठेवल्या होत्या. वादळात दोन उलटल्या. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा त्यांनी त्या सरळ करून ठेवल्या होत्या. पावसाची भुरभुर चालूच होती. ‘‘चाचा, एकदा आत बघू या तरी,’’ असा आग्रह आम्हीच धरला. ‘‘आज नको बेटा, हवा गार आहे,’’ असे ते म्हणाले, पण आमच्या भिडेखातर एक पेटी त्यांनी उघडली. तिसऱ्या दिवशी ती पेटी रिकामी होती. न उघडलेल्या पेटीतल्या माश्या राहिल्या. चाचा आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, म्हणून तर ती गोष्ट जास्त लागली.

एका पेटीवरून नियम काढता येत नाही, हे खरे. परंतु सातेरी माशीचा स्वभावच असा की, त्रास झाला तर ती घर सोडून जाते. पोळ्यातील पिलाव्याला ३४ ते ३५ अंश उष्णता लागते आणि माश्या ती आपल्या अंगाने राखतात. ओल्या वाऱ्यात झाकण काढले की पिलावा गारठतो. म्हणून उलटलेली पेटी चौकटी उभ्याच राहतील अशा बेताने हळू सरळ करावी, दोरीने बांधावी, तिवईचे पाय पक्के करावेत आणि तिला एकटी सोडावी. ऊन पडल्यावर, वारा नसताना, सकाळी दहा-अकराच्या सुमारास झाकण काढावे.

तोपर्यंत बाहेरूनही पुष्कळ कळते. माश्या पायांवर पराग घेऊन आत जात असतील तर आत बहुधा अंडी-पिले आहेत. पेटी मागून किंचित उचलून पाहावी. हलकी लागली तर साठा संपत आला आहे. दाराशी मेलेल्या माश्यांचा ढीग असेल तर तो काडीने ओढून वाट मोकळी करावी. पेटीला पुढच्या बाजूला थोडा उतार दिला तर आत शिरलेले पाणी बाहेर पडते.

पेटी उघडल्यावर राणीमाशी शोधत बसू नये. घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी दिसली की पुरे. अंडे तीन दिवसांत फुटते, म्हणजे तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्की होती. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्यावीत, नाहीतर मेणकिडा तेथून सुरुवात करतो.

मे महिन्यातल्या वादळाचे आणखी एक दुखणे आहे. फुलोरा झडतो आणि पाठोपाठ पावसाळा येतो. कोकणात त्या महिन्यांत माश्यांना बाहेर फारसे मिळत नाही. अशा वेळी उरलेला मध काढून विकण्याचा मोह होतो. हातात पैसे नसतात, हे आम्ही जाणतो. पण न झाकलेल्या घरांतला मध पातळ असतो. वीस टक्क्यांहून जास्त पाणी राहिलेला मध आंबतो, गिऱ्हाईक तुटते, आणि माश्या उपाशी राहतात ते वेगळेच. त्याऐवजी साखर आणि उकळून गार केलेले पाणी सारख्या मापाने घेऊन पाक करावा व संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडला तर मुंग्या येतात आणि दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटालूट करतात.

झाडावरून खाली आलेल्या आग्या मोहोळाच्या जवळ मात्र कोणी जाऊ नये. ते पेटीचे काम नव्हे.

आपल्या सुतार बंधूंसाठी येथे काम आहे. फुगलेल्या फळ्या आणि सुटलेले सांधे ज्याला-त्याला दुरुस्त करता येत नाहीत. चौकटींच्या कडेने माशीला ये-जा करण्यापुरती साधारण ७ ते ९ मिलिमीटर जागा लागते. ती वाढली तर माश्या तेथे आडवे-तिडवे पोळे बांधतात, कमी झाली तर वाट बंद. रंग बाहेरूनच द्यावा, आतून कधीच नाही. हे माप सांभाळणारा कारागीर असेल तर पेटीवाले त्याला शोधत येतात.

शिकायचे असेल त्यांच्यासाठी पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. तेथून जवळचे मांघर २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले.

चाचांची ती रिकामी पेटी आम्ही विकत घेऊ लागलो, तर त्यांनी नकार दिला. ती धुऊन, उन्हात वाळवून, आतल्या फळीला थोडे मेण चोळून त्यांनी जांभळाच्या फांदीला बांधली आहे. नवा थवा आलाच तर तेथे उतरेल.