राजापर्यंत न पोहोचलेले टिपण

१० ऑगस्ट १९११ रोजी लंडन विलक्षण उकाड्याने हैराण झाले होते. आदल्याच दिवशी ग्रीनिच येथे पारा १०० अंश फॅरनहाइटवर गेला होता. त्या दिवशी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड मोर्ले यांनी एक निवेदन वाचून दाखवले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे भारतीय वाचकांना परिचित असलेले हेच ते मोर्ले. विधेयक फेटाळले गेल्यास सरकारचा पुन्हा पराभव होणार नाही इतक्या संख्येने नवे उमराव निर्माण करण्यास राजे पंचम जॉर्ज संमती देतील, असा त्या निवेदनाचा आशय होता. त्यानंतर मतदान झाले आणि १३१ विरुद्ध ११४ मतांनी उमरावांनी स्वतःचाच नकाराधिकार संपुष्टात आणला. एक राज्यघटनात्मक क्रांती केवळ १७ मतांच्या फरकाने घडून आली.

या संघर्षाच्या मुळाशी प्रश्न होता तो पैशाचा. १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले आणि मजूर पक्षाचे सुमारे ३० सदस्य प्रथमच हाउस ऑफ कॉमन्समध्ये गट म्हणून बसू लागले. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मंजूर झाले. त्याच सुमारास जर्मनीशी स्पर्धा करण्यासाठी युद्धनौकांवरील खर्चही वाढत होता. ही तोंडमिळवणी करण्यासाठी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी एप्रिल १९०९ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात ५ हजार पौंडांवरील उत्पन्नावर अधिभार सुचवला आणि मालकाच्या श्रमाविना वाढलेल्या जमिनीच्या किमतीवर २० टक्के कर प्रस्तावित केला. मोठ्या जमीनदारांचे प्राबल्य असलेल्या लॉर्ड्स सभागृहाला तो आपल्या वर्गावरील घाला वाटला, यात नवल नव्हते. ३० नोव्हेंबर १९०९ रोजी त्यांनी ३५० विरुद्ध ७५ मतांनी अर्थसंकल्प फेटाळला. संपूर्ण अर्थसंकल्प अडवला जाण्याची ही सुमारे दोन शतकांतील पहिलीच वेळ होती.

जानेवारी १९१० च्या निवडणुकीत लिबरल आणि हुजूर पक्ष जवळजवळ बरोबरीत आले. आयरिश राष्ट्रवादी आणि मजूर सदस्यांच्या पाठिंब्यावर पंतप्रधान आस्क्विथ यांचे सरकार टिकले व अर्थसंकल्प मंजूर झाला. आता प्रश्न लॉर्ड्सच्या नकाराधिकाराचाच होता. अशा वेळी ६ मे १९१० रोजी सातवे एडवर्ड निधन पावले आणि राजकारणाचा फारसा अनुभव नसलेले पंचम जॉर्ज गादीवर आले. दोन्ही पक्षांच्या नेत्यांमधील वाटाघाटी नोव्हेंबरमध्ये फिसकटल्या. तेव्हा आस्क्विथ यांनी नव्या राजाकडे एक आश्वासन मागितले: पुन्हा निवडणूक जिंकल्यास, आणि गरज पडल्यास, शेकडो उमराव नेमण्याची तयारी ठेवावी, मात्र हे आश्वासन तूर्त गुप्त राहावे.

राजाचे खासगी सचिव दोन होते व त्यांचा सल्ला परस्परविरोधी होता. सर आर्थर बिग यांनी नकार द्यावा असे सुचवले. लॉर्ड नोलिस यांनी होकाराचा आग्रह धरला. राजाने नकार दिला असता तर सरकारने राजीनामा दिला असता. मग विरोधी पक्षनेते बालफोर पर्यायी सरकार स्थापन करतील काय, हा कळीचा मुद्दा होता. ते तयार होणार नाहीत, असे राजाला सांगण्यात आले. १६ नोव्हेंबर १९१० रोजी राजाने नाखुशीने आश्वासन दिले. पुढे नोलिस सेवेतून निवृत्त झाल्यावर राजाच्या दृष्टीस एक जुने टिपण पडले. एप्रिल १९१० मधील एका बैठकीत बालफोर यांनी सरकार स्थापनेची तयारी दर्शवल्याची त्यात नोंद होती. त्या बैठकीस नोलिस स्वतः हजर होते.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग अस्वस्थ करतो. नोलिस यांचा हेतू दुष्ट नव्हता. राजाने बालफोर यांना पाचारण केले असते तर निवडणुकीत राजमुकुटच एका पक्षाच्या बाजूने उभा दिसला असता, ही त्यांची भीती रास्त होती. निष्कर्षही बहुधा बरोबर होता. पण सल्लागाराने आपले मत ठामपणे मांडणे वेगळे आणि विरुद्ध बाजूचा कागद नस्तीतून दूर ठेवणे वेगळे. पहिले कर्तव्य आहे. दुसऱ्यात निर्णयाचा अधिकारच परस्पर हिरावला जातो.

परिणाम मात्र दूरगामी झाले. डिसेंबर १९१० च्या निवडणुकीतही बलाबल फारसे बदलले नाही. सुरुवातीला लढ्याची भाषा करणारे माजी व्हाइसरॉय कर्झन यांनीही अखेर माघारीचा सल्ला दिला. १९११ च्या संसद कायद्याने धनविधेयक एका महिन्यापलीकडे रोखण्याचा लॉर्ड्सचा अधिकार गेला. अन्य बहुतेक विधेयके ते सुमारे दोन वर्षेच लांबवू शकत होते. त्याच वर्षी खासदारांना ४०० पौंड वार्षिक वेतन सुरू झाले, आजारपण व बेकारीचा विमा कायद्याने आला. १९१७-१८ मध्ये रशिया, जर्मनी, ऑस्ट्रियाची राजघराणी कोसळली. ब्रिटनचा राजा टिकला आणि जानेवारी १९२४ मध्ये त्यानेच रॅम्से मॅकडोनाल्ड यांना पहिले मजूर सरकार स्थापन करण्यास पाचारण केले. सत्ता सोडत गेल्यानेच सिंहासन शाबूत राहिले.

हा वारसा आपल्या राज्यघटनेतही आहे. अनुच्छेद ११० मधील धनविधेयकाची व्याख्या आणि त्यावरील अध्यक्षांचे प्रमाणपत्र १९११ च्या त्या कायद्याची आठवण करून देते. राज्यसभेला अशा विधेयकासाठी केवळ १४ दिवस मिळतात. राज्यपालांनी विधेयके रोखून धरण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा घटनात्मक प्रमुखाने कोठे थांबावे, हाच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. पण त्याची दुसरी बाजू आपण विसरतो. अनुच्छेद ७८ नुसार राष्ट्रपतींना आणि १६७ नुसार राज्यपालांना कारभाराची माहिती पुरवणे हे अनुक्रमे पंतप्रधानांचे आणि मुख्यमंत्र्यांचे कर्तव्य आहे.

घटनात्मक प्रमुखाने निर्वाचित सरकारच्या सल्ल्याने वागावे, हे खरेच. त्यासाठी त्याच्यासमोर सर्व कागद असले पाहिजेत, हेही तितकेच खरे. राजभवनाने विधेयक दडवू नये, तसे सचिवालयाने टिपण दडवू नये. पंचम जॉर्ज यांनी दिलेला निर्णय लोकशाहीच्या हिताचा ठरला. तो पूर्ण माहितीनिशी देण्याची संधी मात्र त्यांना मिळायला हवी होती.