विद्यापीठाच्या आवारातील नावे

पुण्याच्या गणेशखिंड भागातील विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात प्रवेश करणाऱ्यास जागोजागी माणसांची नावे आढळतात. ग्रंथालयाला जयकरांचे नाव आहे, सभागृहांना संत ज्ञानेश्वर व संत नामदेव यांचे, तर खुद्द विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे. एखादी संस्था कोणाचे स्मरण जपते, यावरून ती कोणत्या मूल्यांना मान देते हे उमगते.

या विद्यापीठाची स्थापना 1949 साली झाली. त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे नामवंत कायदेपंडित आणि संविधान सभेचे सदस्य होते. संस्थेचा पाया घालणाऱ्या या पुरुषाचे नाव ग्रंथालयाला देण्यात आले. ज्यांनी संस्था उभारली त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करणे, हा सन्मानाचा सर्वांत रूढ प्रकार होय.

सन्मानाचा दुसरा प्रकार म्हणजे अध्यासन. एखाद्या थोर व्यक्तीच्या नावाने विद्यापीठात अध्यापनाचे व संशोधनाचे जे स्वतंत्र स्थान निर्माण केले जाते, त्यास अध्यासन म्हणतात. पुणे विद्यापीठात संत नामदेवांच्या नावाने असे अध्यासन आहे. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही समाविष्ट आहेत. त्यामुळे त्यांचा अभ्यास मराठीपुरता मर्यादित राहत नाही. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला जातो. अध्यासनामुळे मात्र त्या व्यक्तीच्या विचारांचा अभ्यास वर्षभर चालू राहतो. सुवर्णपदके, शिष्यवृत्त्या आणि स्मृतिव्याख्याने यांमागेही हाच हेतू असतो.

2014 साली या विद्यापीठाचे नाव ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे झाले. सावित्रीबाईंचा जन्म 1831 साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. लग्नापूर्वी त्यांना अक्षरओळख नव्हती. सासरी आल्यावर पती जोतीराव यांच्याकडून त्या लिहावाचायला शिकल्या. 1848 साली पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्या वेळी मुंबई विद्यापीठाचीही स्थापना झालेली नव्हती. ते 1857 साली अस्तित्वात आले. शिकवायला जाताना लोकांनी केलेली निंदानालस्ती त्यांनी सोसली. 1897 साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता त्यांचे निधन झाले. पदवी घेणे त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. तरीही आज त्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर त्यांचे नाव असते.

असे नाव देणे नेहमीच सहजासहजी घडते, असे मात्र नाही. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. त्यापूर्वीच, 1950 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू करून मराठवाड्यातील वंचितांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले होते. 1978 साली विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला. त्यास तीव्र विरोध झाला. अनेक गावांत दलितांची घरे जाळण्यात आली, काहींना प्राणही गमवावे लागले. दीर्घ आंदोलनानंतर 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे लढा द्यावा लागला, कारण प्रश्न पाटीवरील अक्षरांपुरता नव्हता. विद्येच्या मंदिरावर कोणाचा हक्क आहे, हा त्यामागील खरा प्रश्न होता.

संस्थापक, संत, समाजसुधारक अशा भिन्न वाटांनी आलेली माणसे विद्यापीठाच्या इतिहासात एकत्र येतात. त्यांच्या नावांचा सन्मान पाटी लावून सुरू होतो; पण त्याची कसोटी पुढेच लागते. जयकरांच्या ग्रंथालयात वाचक येत राहिले पाहिजेत, नामदेवांच्या अध्यासनात संशोधन होत राहिले पाहिजे. आणि सासरी आल्यावर पाटी-पेन्सिल हाती घेणाऱ्या सावित्रीबाईंच्या नावाचे विद्यापीठ, उशिरा शिकू लागलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला आपले वाटले पाहिजे. तसे झाले, तरच त्या नावाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.