छपरावरचे पाणी टाकीत : तिलोनियाचा धडा



चैत्र सरला की विहिरी तळ गाठतात. बायाबापड्यांची पायपीट सुरू होते, टँकरची वाट पाहावी लागते. मात्र पावसाळ्यात आपल्याच पागोळ्यांचे पाणी अंगणातून ओढ्याला जाते. हे पाणी अडवायचे कसे, ते आज पाहू.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. मुलूख कोरडा, पाऊस बेभरवशाचा. तेथे बंकर रॉय यांनी 1972 साली एक संस्था काढली. लोक तिला ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणतात. अक्षरओळख नसलेल्या स्त्री-पुरुषांनाही तेथे हातपंपाची दुरुस्ती, सौर दिव्यांची जोडणी असे शिक्षण मिळते. इमारती गावच्या कारागिरांनी बांधल्या आणि वीज सूर्यापासून घेतली. सर्व छपरांचे पाणी नळांवाटे जमिनीखालच्या टाकीत जाते. टाकी 4 लाख लिटरची आहे आणि तिच्याच माथ्यावर सभेचा मंच केला आहे. म्हणजे इमारत हाच तेथला पहिला धडा!

एवढी मोठी टाकी आपल्याला नको. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. छप्पर 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर 25 हजार लिटर झाले. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 20 हजार उरते.

पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज 40 लिटर धरा. उन्हाळ्याच्या 120 दिवसांना 4,800 लिटर लागेल. तेव्हा आतून 6 फूट लांब, 6 फूट रुंद व 5 फूट खोल टाकी पुरे.

मात्र एवढी काळजी घ्या :

1. छप्पर पत्र्याचे, कौलाचे किंवा स्लॅबचे असावे. गवती छपराचे पाणी पिण्यास घेऊ नये.
2. मृगापूर्वी छप्पर व पन्हळ झाडून घ्या. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडा.
3. टाकीच्या तोंडाशी मोठी खडी, बारीक खडी व वाळू यांची गाळणी करा.
4. टाकी झाकलेली हवी. उजेड गेला तर शेवाळ धरते, फट राहिली तर डास होतात. वर येणाऱ्या नळाला जाळी बांधा.
5. पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्या.
6. शेणखळा व संडास टाकीपासून दूर ठेवा.

भरलेली टाकी दिवाळीतच उपसू नका. विहिरीला पाणी आहे तोवर विहिरीचे वापरा. शिमग्यानंतर टाकी उघडा. या पाण्यावर गुरे-वासरे किंवा भाजीपाला भागणार नाही. त्यासाठी शेतातले पाणी बांधावरच अडवायला हवे. पण घरातली घागर भरेल, आणि डोक्यावरचा हंडा थोडा तरी हलका होईल.

आजच दोरी घेऊन आपले छप्पर मोजा.