गाडीतला सीडी प्लेयर अटकतोय? आधी गाडी उभी करून ऐका

बऱ्हाणपूर : मागच्या एकादशीला आमच्या गल्लीतल्या एका काकांबरोबर त्यांच्या गाडीतून मुक्ताईनगरला गेलो होतो. इच्छापूर येईपर्यंत भजन इतक्या वेळा तुटलं, की शेवटी काकांनीच प्लेयर बंद केला. म्हणाले, "अरे, तू बातम्या लिहितोस ना, मग याच्यावर लिही. दुकानदार म्हणतो प्लेयर फेका आणि पेन ड्राइव्हवाला घ्या. पेन ड्राइव्हमध्ये काकूंचा आवाज कुठून आणू?"

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या भजनी मंडळाची एक कॅसेट होती. ती काकांनी २००८ मध्ये सीडीवर उतरवून घेतली. पुढे कॅसेटला बुरशी लागली. आता जे काही आहे ते या एका चकतीवर. म्हणून इथे नुसत्या गाण्याच्या मजेचा प्रश्न नव्हता. अशा सीड्या आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. कुणाकडे लग्नातली मंगलाष्टकं, कुणाकडे वडिलांचं कीर्तन, कुणाकडे गावच्या सप्ताहाचं रेकॉर्डिंग. ते ऐकायला घरात यंत्र उरलेलं नाही, उरलाय तो जुन्या गाडीतला प्लेयर.

मी कॉमर्सचा माणूस, इलेक्ट्रॉनिक्सचा नाही. पण गाड्यांची वायरिंग करणाऱ्या दोघा-तिघा मिस्त्रींकडे बसून आणि काकांच्या गाडीवर हात काळे करून जे कळलं, ते सांगतो.

अटकतं म्हणजे नेमकं काय होतं?

सीडीवर मधल्या भोकाजवळून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाणारी एकच लांब गोल रेघ असते. सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. त्या रेघेवर सूक्ष्म खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांतच गाणं लिहिलेलं असतं. (आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत मात्र काही लिहिलेलं नसतं.) रेघेच्या एका वेढ्यापासून दुसऱ्या वेढ्याचं अंतर १.६ मायक्रॉन. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे बसतात.

हे वाचतो एक लेझर किरण. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यासमोरचं छोटं भिंग तारेच्या बारीक वेटोळ्यांच्या आणि चुंबकाच्या जोरावर जवळपास तरंगत असतं आणि सेकंदाला कितीतरी वेळा वरखाली, डावीउजवीकडे सरकून आपली रेघ धरून ठेवतं. गाडीला दणका बसला की भिंगाची रेघ सुटते आणि किरण भलत्याच वेढ्यावर जाऊन पडतो. चकतीवर डाग असला तरी रेघ सुटते. भिंगावर धूळ असली तर रेघ धड सापडतच नाही. ऐकणाऱ्याला तिन्ही वेळा सारखंच वाटतं, गाणं अटकलं. कारणं मात्र तीन, आणि इलाजही वेगवेगळे. इथेच सगळ्यांची गल्लत होते.

म्हणून पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही. गाडी सावलीत उभी करा, एक चांगली, कंपनीची, बिनओरखड्याची सीडी लावा आणि पूर्ण ऐका. मग आपली रोजची सीडी तशीच उभ्या गाडीत ऐका. उभ्या गाडीत दोन्ही नीट वाजल्या आणि चालत्या गाडीत अटकल्या, तर दोष बसवण्यात किंवा दणक्यात आहे. एकच सीडी, दर वेळी त्याच जागी अटकली तर दोष त्या सीडीत. उभ्या गाडीतही सगळ्याच सीड्या अटकत असतील तर भिंग मळलंय, नाहीतर लेझर थकलाय.

काकांच्या गाडीत काय निघालं? उभ्या गाडीत चांगली सीडी पूर्ण वाजली. काकूंच्या सीडीतली आठ भजनंही बिनतक्रार झाली, नववं मात्र दोन्ही वेळा एकाच शब्दावर अटकलं. चालत्या गाडीत दोन्ही सीड्या अटकत होत्या. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. प्लेयर बदलला असता तरी नववं भजन अटकलंच असतं.

प्लेयर हलतोय का, ते हाताने बघा

बाजारातून बसवून घेतलेला प्लेयर डॅशबोर्डमध्ये एका पत्र्याच्या चौकटीत सरकवतात आणि चौकटीच्या जिभा वाकवून पकड देतात. पण पुढून कितीही घट्ट वाटला तरी त्याला मागूनही आधार लागतो. मागच्या बाजूला एक बोल्ट असतो, त्याला पत्र्याची पट्टी लावून ती गाडीच्या अंगाला कसायची असते. घाईत हेच काम राहून जातं. मग प्लेयर पुढे धरलेला, मागे लोंबकळत, अशा अवस्थेत वर्षानुवर्षं चालतो. काकांच्या गाडीत हेच होतं. पुढच्या पट्टीला अंगठ्याने दाबलं की अख्खा डबा मागे डुलायचा.

पट्टी लावली, बोल्टवर रबरी वायसर घातला, झालं. काही जण डब्याभोवती स्पंज कोंबतात. थोडा चालेल, पण चारी बाजू बंद केल्या तर आतली गरमी बाहेर पडणार नाही. आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला आणि उन्हात उभ्या बंद गाडीत साठच्याही वर. अशा वेळी गाडी सुरू केल्या केल्या प्लेयरकडून कामाची अपेक्षा धरू नका. काचा उघडा, दहा मिनिटं हवा खेळू द्या, मग सीडी घाला.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. प्लेयरच्या आतलं यंत्र स्प्रिंगा आणि रबरी गाद्यांवर तरंगतं ठेवलेलं असतं, म्हणजे दणका भिंगापर्यंत पोचू नये. कारखान्यातून येताना ते हलू नये म्हणून बऱ्याच प्लेयरच्या वरच्या बाजूला दोन स्क्रू लावलेले असतात आणि बसवण्याआधी ते काढायचे असतात. राहून गेले तर स्प्रिंगा जखडलेल्याच राहतात आणि प्रत्येक गतिरोधकावर गाणं उडी मारतं. नवा प्लेयर पहिल्या दिवसापासून अटकत असेल तर आधी हेच बघा. प्लेयर फार तिरका बसलाय का, तेही बघा. साधारण तीस अंशांपेक्षा जास्त कलला की आतल्या स्प्रिंगांचं गणित बिघडतं.

एवढं सगळं नीट असून दणके बसतच असतील तर टायरमध्ये हवा जास्त आहे का आणि शॉकअप गेलेत का, ते तपासा. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर केळीच्या ट्रकांमागून गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

भिंग

बऱ्हाणपुरात पावरलूम असलेल्या मोहल्ल्यांत हवेतच कापसाचे तंतू असतात. ते सीडीच्या फटीतून आत जाऊन भिंगावर बसतात, वरून सिगारेटचा धूर आणि अत्तराचे फवारे. बारीक ब्रश लावलेली भिंग साफ करायची चकती मिळते. फटीतून सीडी ओढून घेणाऱ्या प्लेयरला ती चालते का, हे पाकिटावर बघून एक-दोनदा फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर डबा उघडून कापसाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंगावरून हलक्या हाताने फिरवायचं. हे मिस्त्रीकडून केलेलं बरं. आणि डबा उघडा असताना प्लेयर चालू करून भिंगात डोकावायचं अजिबात नाही. किरण दिसत नाही म्हणून तो डोळ्याला लागत नाही, असं नव्हे.

पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा कृपा करून मारू नका. त्या हवेतून पाणी आणि तेलाचे कण येतात. भर पावसात एसी बंद-चालू करताना भिंगावर दमट थर बसतो, तेव्हा सीडी काढून तासभर थांबलं की आपोआप वाळतो. सगळं करूनही एकही सीडी वाचली जात नसेल, तर लेझर थकलाय. तिथे मात्र दुकानदाराचं बरोबर.

सीडी वाचवायची कशी

मऊ, स्वच्छ सुती कापड, थोडं साधं पाणी, आणि पुसायचं मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवून पुसू नका. कारण सांगतो. सीडीत चूक दुरुस्त करायची सोय मुळातच असते. रेघेवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा भाग खराब झाला तरी प्लेयर आजूबाजूच्या माहितीवरून तो पूर्ण भरून काढतो. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला जरासाच छेदतो, तो निभावतो. गोल ओरखडा रेघेच्या दिशेनेच लांबवर पळतो, तिथे ही सोय हात टेकते.

चमकत्या बाजूच्या उथळ ओरखड्यावर पांढरी टूथपेस्ट घासण्याचा उपाय सगळीकडे ऐकायला मिळतो. खालचं प्लॅस्टिक एक मिलिमीटरच्या वर जाड असतं, त्यामुळे घासून थोडी गुळगुळी येते हे खरं. पण एकुलत्या एका सीडीवर हा प्रयोग मी करणार नाही. नाव लिहितो ती बाजू उलट फार नाजूक. चांदीसारखा थर तिथेच, पातळ लाखेखाली असतो. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर त्यातून उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा भाग गेला, तो परत येत नाही. म्हणून बॉलपेनने नाव लिहू नका आणि कागदी लेबल चिकटवू नका. उन्हाने लेबल सुटतं आणि सीडी फटीतच अडकते. घरी लिहिलेल्या सीडीत तर रंगाचा थर असतो, तो उन्हाने विटतो. डॅशबोर्डवर ठेवायची वस्तू ती नव्हेच.

आता काकूंचं नववं भजन. गाडीतल्या प्लेयरला गाणं थांबवता येत नाही, वाचता नाही आलं तर पुढे जायचंच. कॉम्प्युटरला घाई नसते. तो तीच जागा पुन्हा पुन्हा, हळू वाचू शकतो. म्हणून गाडीत अटकणारी सीडी कॉम्प्युटरवर पुष्कळदा पूर्ण उतरते. एका मित्राकडून यूएसबीचा सीडी ड्राइव्ह मागून आणला आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. आठ भजनं भराभर उतरली. नवव्याला पाऊण तास लागला. काका खुर्ची ओढून स्क्रीनपुढे बसून होते, चहा गार झाला.

उतरलेल्या मूळ फायली दोन ठिकाणी ठेवल्या. गाडीसाठी त्यांच्या एमपीथ्री करून नवी सीडी बनवली, कारण काकांचा प्लेयर एमपीथ्री वाचतो. त्याचा एक फायदा आहे. बऱ्याच प्लेयरमध्ये थोडं गाणं आगाऊ वाचून ठेवणारी मेमरी असते, म्हणजे हातातली शिल्लक. दणक्यात वाचन थांबलं की त्या शिलकीवर गाणं चालू राहतं. साध्या सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, १९२ च्या एमपीथ्रीला १९२. म्हणजे तीच शिल्लक सातपट पुरते. नवी सीडी लिहिताना वेग कमी ठेवा आणि शेवटी फायनलाइज करायला विसरू नका, नाहीतर गाडीत ती उघडणार नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडीही जुने प्लेयर सहसा ओळखत नाहीत.

गेल्या रविवारी काका असीरगडच्या घाटातून जाऊन आले. नववं भजन पूर्ण वाजलं म्हणाले, त्या शब्दावर फक्त एक बारीक टिक येते. जुनी सीडी आता डब्यात घालून कपाटात, काकूंच्या टाळांशेजारी ठेवलीय.